मुलगा अमेरिकेत शिकतो, विद्यापीठ वडिलांना काहीच सांगत नाही

पत्र: माझा मुलगा टेक्सासमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतो. कॉम्प्युटर सायन्स, दुसरं सेमिस्टर. राहतं घर तारण ठेवून कर्ज काढलंय, सहकर्जदार मी. गेल्या आठवड्यात पुतणीकडून कळलं की त्याला कॉपीच्या प्रकरणात नोटीस आलीय. विचारलं तर म्हणतो, “मी कॉपी केली नाही, मित्राला फक्त कोड दिला.” शिवाय गाडीच्या पार्किंगचे तीन दंड थकलेत आणि त्यामुळे पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन अडलंय. मी विद्यापीठाला ईमेल केला. उत्तर आलं, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय माहिती देता येत नाही. पैसे आम्ही भरायचे आणि माहिती आम्हालाच नाही? मुलगा पासवर्डही देत नाही. प्रोफेसरांना पत्र लिहू का? की स्वतः जाऊन येऊ?
– एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. विद्यापीठाचं उत्तर तुम्हाला कोरडं वाटलं असणार. पण ते लिहिणाऱ्याच्या हातात दुसरं काही नव्हतं. अमेरिकेत 1974 साली विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दल एक केंद्रीय कायदा झाला, फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी अ‍ॅक्ट. तिकडे सगळे त्याला ‘फर्पा’ म्हणतात. मूल शाळेत आहे तोवर त्याच्या नोंदी पाहायचा हक्क आईवडिलांचा. ते 18 वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं, की तो हक्क मुलाकडे जातो. फी कोणाच्या खात्यातून गेली हे तिथे कोणी विचारत नाही. एक सवलत आहे, पण ती आपल्या कामाची नाही: पालकांनी अमेरिकेतल्या आयकर विवरणपत्रात मुलाला अवलंबित दाखवलं असेल, तर विद्यापीठ त्यांना माहिती देऊ शकतं. तुम्ही तिथे कर भरत नाही.

आपल्याला हे टोचतं, कारण आपण वेगळं पाहत आलोय. हजेरी कमी पडली की पालकांना बोलावणं, नावानिशी निकाल बोर्डावर, शेजारच्या काकूंना आपल्या मुलाचे मार्क आपल्याआधी ठाऊक. तिकडे प्रोफेसरने नावापुढे ग्रेड लिहून दारावर कागद चिकटवला तर कायदा मोडला जातो. हा कायदा तुमच्या मुलाच्याही कामाचा आहे, हे त्याला सांगा. नोटिशीच्या फाइलमध्ये विद्यापीठाने काय काय ठेवलंय ते पाहायला मागायचा त्याला हक्क आहे आणि 45 दिवसांच्या आत ते दाखवावं लागतं. सुनावणी त्याआधी असेल, तर पुरावे आधी पाहायला मिळावेत म्हणून त्याने आजच लेखी मागणी करावी.

तुम्हाला माहिती हवी असेल तर मार्ग एकच, मुलाची संमती. त्याच्या पोर्टलवर किंवा रजिस्ट्रारच्या कार्यालयात तसा फॉर्म असतो. कोणाला, कोणत्या नोंदी, कशासाठी हे लिहून सही आणि तारीख. शिस्तभंगाच्या प्रकरणासाठी बरेचदा वेगळा फॉर्म लागतो, तेव्हा एकावर सही झाली म्हणजे सगळं उघडलं असं समजू नका.

पासवर्ड मात्र मागू नका. तो देत नाही हे बरंच झालं. दुसऱ्याच्या लॉगिनने आत शिरणं हा तिथे आणखी एक नियमभंग आहे आणि एक नोटीस अंगावर असताना दुसरी ओढवून घ्यायची नसते. बँकेला मार्कशीट हवी असेल, तर त्याने स्वतः ट्रान्स्क्रिप्ट काढून पाठवावी. पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी त्याची सगळी फाइल तुमच्याकडे यायची गरज नाही.

अजून एक गोष्ट, जी पालकांना कोणी सांगत नाही. हा कायदा विद्यापीठाला बोलण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून नाही. मुलगा दोन दिवस फोन उचलत नाही, जेवत नाही, एकटा बसून असतो, असं काही कळलं तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयाला बेधडक फोन करा. ते मार्क सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घेतील आणि त्याच्या खोलीवर माणूस पाठवू शकतील. जिवाला धोका असेल तर फर्पाही आड येत नाही. नोटीस आलेली मुलं लाजेने गप्प होतात. म्हणून हे आधी लिहिलं.

आता कोडबद्दल. “मी फक्त दिला” हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या मुलांकडून ऐकलंय, की त्यावर जरा सविस्तर लिहितो. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात सबमिशनचा आठवडा कसा जातो ते तुमच्या मुलाने चार वर्षं पाहिलंय. एकाचं जर्नल पूर्ण झालं की ते होस्टेलभर फिरतं, त्यावरून पन्नास जर्नलं उतरतात, सर न बघता सही करतात. ज्याने जर्नल दिलं तो दिलदार, ज्याने दिलं नाही तो आखडू. मुलगा हेच अंगवळणी घेऊन टेक्सासला गेला. तिथल्या बहुतेक विद्यापीठांच्या आचारसंहितेत घेणारा आणि देणारा दोघेही दोषी. कॉपीला मदत करणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेला असतो. त्याला हे माहीत नव्हतं, हे मी मानतो. पण प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये ते छापलेलं असतं आणि “वाचलं नव्हतं” हे उत्तर तिथे चालत नाही.

मागे माझ्यासमोर असाच एक मुलगा बसला होता. लॅपटॉपवर त्याने दोन प्रोग्रॅम शेजारी शेजारी उघडले, एक त्याचा, एक मित्राचा. मित्राने व्हेरिएबलची नावं बदलली होती, कॉमेंट्स काढल्या होत्या, फंक्शन वरखाली केली होती. दोघांनाही वाटलं होतं की आता कोणाच्या बापाला कळणार नाही. पण एका एरर मेसेजमध्ये ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग चुकलं होतं, आय आणि ई उलटे, आणि ती चूक दोन्हीकडे जशीच्या तशी होती. मुलगा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. खरं तर ती चूक नसती तरी ते सापडलेच असते. प्रोग्रॅमिंगच्या कोर्सेसना कॉपी ओळखणारी ‘मॉस’ नावाची प्रणाली 1994 पासून आहे. ती नावं बघत नाही, प्रोग्रॅमची ठेवण बघते. नावं बदलणं म्हणजे त्याच घराला नवा रंग देणं.

तुमच्या मुलाने आता काय करावं? आधी खरं काय घडलं ते स्वतःशी नीट मांडावं, तारखांसह. कोड कधी लिहिला, कधी पाठवला, पाठवताना काय बोलणं झालं. कोड साठवायच्या गिटहब या साइटवर प्रत्येक बदलाचा इतिहास असेल तर सोन्याहून मोलाचा, कारण कोड त्याचाच आहे हे त्यातून दिसतं आणि ज्याने लिहिला आणि ज्याने उतरवला यांच्या शिक्षेत फरक पडू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नयेत, ते अंगाशी येतं. मित्राबरोबर बसून “आपण असं सांगू” हे ठरवू नये, ते त्याहून अंगाशी येतं. अशा सुनावण्यांत बहुतेक ठिकाणी फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता घडलं नसण्यापेक्षा जास्त वाटली तरी पुरतं. तेव्हा दिलाय तर दिला म्हणावं. पहिल्याच प्रकरणात सरळ कबुली दिली तर असाइनमेंटला शून्य किंवा कोर्समध्ये ग्रेड खाली, एवढ्यावर भागल्याचं मी पाहिलंय. हमी मात्र देत नाही. खोटं बोललेलं पकडलं गेलं की कोड बाजूला राहतो आणि खोटेपणाचीच चौकशी सुरू होते.

(ज्यांच्या मुलांवर निबंध एआयने लिहिल्याचा आरोप आहे, त्यांची गोष्ट निराळी. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एआयचं लिखाण ओळखणारे सात डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी सरासरी एआयचे ठरवले. तिथे घाबरून कबुली देऊ नये, आपले कच्चे मसुदे दाखवावेत.)

एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसामुळे दोन गोष्टींवर डोळा हवा. कोर्समध्ये एफ आला, म्हणजे नापास झाला, तर मास्टर्सला बहुतेक ठिकाणी लागणारा 3.0 जीपीए (ग्रेडची सरासरी) घसरू शकतो. आणि निलंबन झालं तर विद्यापीठाला ते सेविस या सरकारी प्रणालीत कळवावं लागतं, मग तिथे राहता येत नाही. म्हणून घाबरून कोर्स ड्रॉप करणं हा सगळ्यात वाईट उपाय. चौकशी चालू असताना बरीच विद्यापीठं ड्रॉप करू देत नाहीत, आणि करू दिलं तरी क्रेडिट पूर्णवेळेच्या खाली गेले की व्हिसाच अडचणीत. काहीही करण्याआधी त्याने इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमधल्या डीएसओंना, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, भेटावं. निलंबनाची शक्यता नोटिशीत लिहिली असेल तर इमिग्रेशन वकिलाचा एक तासाचा सल्ला घ्यायला पैसे काढा. तो खर्च वाया जाणार नाही.

आणि गाडी. तुम्ही ते पत्रात जाता जाता लिहिलंय, पण मला ते तितकं किरकोळ वाटत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत गाडी कुठेही लावता येत नाही. परमिट लागतं, प्रत्येक पार्किंग लॉटची वेगळी वर्गवारी असते आणि आता पुष्कळ ठिकाणी कॅमेरा नंबरप्लेट वाचत फिरतो. दंड थकला की विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘होल्ड’ बसतो. होल्ड असेतो रजिस्ट्रेशन नाही. रजिस्ट्रेशन नाही म्हणजे पुढच्या, फॉल सेमिस्टरला तो पूर्णवेळ विद्यार्थी नाही, आणि तसं झालं की पुन्हा व्हिसाचा प्रश्न. एका पावतीची गोष्ट इथवर येते. एखादा दंड चुकून लागला असेल तर अपील करता येतं, पण त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, ती बहुधा गेली असेल. तेव्हा दंड भरा आणि पोर्टलवरचा होल्ड खरंच उठलाय ना ते बघायला सांगा. पैसे भरल्यावरही कधी कधी दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात हवे ते कोर्स भरून जातात.

एक मात्र मुलाला आडून न विचारता थेट विचारा: गाडीवर परमिट कोणाचं होतं? पास होऊन गेलेल्या सीनियरच्या परमिटचा टॅग आरशाला अडकवून फिरणारी आपली मुलं मी ऐकून आहे. दुसऱ्याचं परमिट वापरणं हे अनेक विद्यापीठांत नुसतं पार्किंगचं प्रकरण राहत नाही, ते फसवणूक म्हणून त्याच शिस्तभंग कार्यालयाकडे जातं जिथे त्याची कोडची फाइल पडलीय. तसं असेल तर टॅग आजच काढून ठेवावा, आणि सुनावणीआधी त्याबद्दल विद्यापीठाच्या ओम्बड्सच्या, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या तटस्थ अधिकाऱ्याच्या, कार्यालयात सल्ला घ्यावा. तिथलं बोलणं सहसा गोपनीय राहतं.

प्रोफेसरांना पत्र लिहू नका. “घर तारण आहे, मुलाला सांभाळून घ्या” हे आपल्या सरांपुढे चाललं असतं, तिथे त्याचा अर्थ दबाव असा घेतला जातो. ते पत्र फाइलला लागेल आणि 23 वर्षांचा मुलगा स्वतः बोलत नाही असं दिसेल. जाऊन येऊ नका, निदान आत्ता नाही. सुनावणीच्या खोलीत तुम्हाला बसू देतीलच असं नाही, आणि तिकिटाच्या पैशात वकीलही होईल आणि दंडही भरून होईल.

मार्च ते नोव्हेंबरच्या काळात टेक्सासच्या बहुतेक भागातलं घड्याळ सांगलीपेक्षा साडेदहा तास मागे असतं. सकाळी साडेसातला फोन केलात तर तिथे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतील, तो खोलीवर असेल. पुतणीकडून कळलं हे बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तिलाही सांगणार नाही. कर्जाचा विषय त्या फोनवर काढू नका. नोटिशीला उत्तर द्यायची शेवटची तारीख कोणती, एवढंच आधी विचारा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती तारीख आणि नोटिशीतला आरोपाचा परिच्छेद त्याने स्वतः मला पाठवला, तर त्याचं उत्तर पाठवायच्या आधी मी वाचून देईन.