घरच्यांसमोर भाषणाचा सराव करताना

पहिल्याच वक्तृत्व स्पर्धेआधी घरच्यांसमोर बोलायचं ठरवलंस, हे उत्तम केलंस. मात्र त्यांना नुसतं "कसं झालं?" विचारू नकोस, "छान झालं" एवढंच ऐकायला मिळेल. प्रत्येकाला एक काम दे. आजीला सगळ्यात लांब बसव आणि वाक्याचा शेवट ऐकू येतो का ते विचार. नवखे वक्ते नेमका तिथेच आवाज पाडतात. भावाच्या हातात घड्याळ दे. बाबांना विषय आधी सांगू नकोस, ऐकून झाल्यावर त्यांनाच मुद्दे सांगायला लाव. जो मुद्दा त्यांना आठवला नाही, तो पुन्हा लिहायला घे.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- अख्खं भाषण पाठ करणं. एक शब्द निसटला की सगळंच अडतं. पहिली आणि शेवटची दोन-तीन वाक्यं पाठ कर, मधले फक्त मुद्दे.
- सोफ्यावर बसून सराव.
- अडखळल्यावर "थांबा, पहिल्यापासून करतो" म्हणणं. स्पर्धेत ती सोय नसते. श्वास घे, पुढे बोल.

५ मिनिटांना साधारण ५०० शब्द पुरतात. हातवारे, आवाजाचे चढउतार सध्या राहू देत. आजच जेवणाआधी एकदा उभा राहा, आणि दोन-चार दिवसांनी शेजारच्या काकूंनाही ऐकायला बोलव.