शाळेची खरेदी तुमच्या लहानपणापासून किती बदलली, आणि आता खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

माझ्या मते सर्वांत मोठा बदल हा आहे की वापरलेली पुस्तके घेण्याची आता लाज वाटू लागली आहे. दप्तरे, डबे आणि रेनकोट महागले, हे आपण जाणताच.

१९८०च्या दशकात आमच्या लालबागच्या चाळीत निकाल लागला की त्याच संध्याकाळी पुस्तकांची देवघेव सुरू होई. संपूर्ण संच अर्ध्या किमतीत मिळे, आणि पाने फाटली असतील तर घासाघीस होई. मग आई सुटलेली पाने दाभणाने शिवून, खळ लावून, खाकी कव्हर घालून ती पुस्तके अशी उभी करी की जूनमध्ये वर्गात कोणाला संशयही येत नसे. गाळलेल्या जागा मात्र वरच्या मजल्यावरच्या ताईने आधीच भरून ठेवलेल्या असत, त्याही पुष्कळदा चुकीच्या.

माझे थोरले बंधू याला आजही लाचारी म्हणतात. ‘आपण लोकांच्या उष्ट्या पुस्तकांवर शिकलो,’ हे वाक्य गणपतीत सर्वांसमक्ष ऐकवून ते नातवासाठी शाळेतूनच संपूर्ण संच घेतात, ज्यात शाळेचे बोधचिन्ह छापलेल्या साध्या वह्याही चढ्या दराने येतात. ठरावीक ठिकाणाहूनच खरेदीची सक्ती करू नये, अशी शासनाची परिपत्रके आहेत. पण सक्ती नसतानाही जे रांगेत उभे राहतात, त्यांना परिपत्रक काय वाचवणार? ज्या पुस्तकांवर दादा इंजिनिअर झाले, तीही उष्टीच होती.

२०२३-२४ पासून बालभारतीच्या दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीसारखी कोरी पाने घातली गेली, तेव्हा ही देवघेव अधिकच अवघड झाली, कारण लिहिलेले पुस्तक पुढच्या मुलाला कसे द्यायचे? जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांसाठी आपल्या इमारतीतच आधी विचारावे. अर्थात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे आवृत्ती तपासून घ्यावी, आणि हे सारे राज्य मंडळाच्या शाळांपुरतेच आहे. खासगी प्रकाशनांच्या कार्यपुस्तिका नव्याच घ्याव्या लागतात. मुंबई महापालिकेच्या शाळेत मूल असेल, तर २७ शालोपयोगी वस्तू तेथेच विनामूल्य मिळतात.

वह्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर जावे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून डझनाने घेतल्यास दर परवडतो.