बोक चॉय पाणचट होतेय? आधी एवढंच करा

पहिल्याच वेळी लगदा झाला म्हणून नाराज होऊ नका, बोक चॉय या चिनी पालेभाजीच्या बाबतीत बहुतेकांचं हेच होतं आणि कारण जवळपास नेहमी तेच, ओली भाजी आणि गच्च भरलेली कढई. पानांवर पाणी राहिलं की भाजी परतली जात नाही, वाफेवर शिजते. म्हणून धुऊन चाळणीत निथळू द्या आणि मग फडक्यावर पसरून चांगली कोरडी करा, हे काम कंटाळवाणं आहे पण अर्धी भाजी इथेच जमते.

धुताना देठाच्या बुडाशी आतून बोट फिरवून बघा, कचकच लागेल. तिथली माती वरून नळ सोडून जात नाही, बुडखा कापून देठ सुटे करा आणि पाण्यात खळबळून घ्या.

बाकी सुरुवातीला:
- देठ आणि पानं वेगळी चिरा. देठ आधी, मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं, पानं शेवटी, ३० सेकंद बास.
- थोडी थोडी भाजी टाका, दोनदा परतावी लागली तरी चालेल.
- लसूण नुसता वास सुटेपर्यंत, करपला तर सगळी भाजी कडू.
- मीठ शेवटी, सोया सॉस घातला तर आधी चव बघून.

झाकण ठेवू नका प्लीज, रंग जातो! देठ चावताना कचकन वाजला पाहिजे.

चॉय सम, काय लान या दुसऱ्या चिनी पालेभाज्या, ऑयस्टर सॉस हे सगळं नंतर बघू. आता फक्त बोक चॉय आणि लसूण, दोन-तीनदा करा आणि देठ कसे झाले ते नक्की सांगा.