ऑनलाइन गेममध्ये टीममधल्या मैत्रिणीने माइक चालू केला की अनोळखी खेळाडू घाणेरडं बोलायला लागतात. मी मध्ये पडावं, की तिने त्यांना सरळ म्यूट करावं?

मध्ये पडा. तिला तोंड उघडावं लागायच्या आधी पडा.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बोललात तर प्रकरण चिघळेल आणि त्रास तिलाच होईल. ही भीती रास्त आहे, कारण भलत्या पद्धतीने मध्ये पडलं तर अगदी तसंच होतं. मी बरीच वर्षं व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळते आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एका ग्रुपची मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारीही आहे, त्यामुळे त्रास सोसणं आणि त्याच्या तक्रारी निस्तरणं दोन्ही माझ्या वाट्याला आलंय.

आधी म्यूटचं बोलते, कारण हा सल्ला आम्हाला ऊठसूट मिळतो. पाच विरुद्ध पाचच्या अशा गेममध्ये आवाज म्हणजे माहिती असते. "स्पाइक बी वर दिसला." (स्पाइक म्हणजे गेममधला बॉम्ब, बी म्हणजे नकाशावरची एक जागा.) "एक जण मागून येतोय, वळ." "माझ्याकडे फ्लॅश आहे, टाकला की आत घुस." (फ्लॅशने समोरच्याला क्षणभर दिसत नाही.) म्यूट केलं की हे सगळं बंद. म्हणजे घाण बोलला तो, आणि एक कान बंद करून खेळायचं तिने. मग राउंड गेला की "मुलगी टीममध्ये असली की असंच होतं" हे ऐकायलाही तीच. याला कंटाळून कितीतरी जणी माइक लावतच नाहीत, आयडीला मुलाचं वाटेल असं नाव घेतात, काही तर आवाज बदलणारं सॉफ्टवेअर वापरतात. आणि मग लोक म्हणतात, मुली हा गेम खेळतातच कुठे?

"शिव्या तर सगळ्यांनाच पडतात" हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. २०१२ साली हेलो ३ या शूटिंग गेमवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात संशोधकांनी आधी रेकॉर्ड केलेली तीच साधी वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात सामन्यांमध्ये ऐकवली. बाईच्या आवाजाला साधारण तिप्पट वाईट प्रतिक्रिया आल्या. नंतर २०१५ मध्ये त्याच सामन्यांचं आणखी विश्लेषण झालं, तेव्हा दिसलं की बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडणारे खेळाडू कमी कौशल्याचे होते. चांगलं खेळणारे तिच्याशी बरं बोलत होते. मला यात नवल वाटलं नाही. शेवटून पहिला असलेला खेळाडूच स्कोअरबोर्डवर आपल्या वर मुलीचं नाव बघून बिथरतो, हे मी कितीदा पाहिलंय.

दुसरा सल्ला असतो, "इतकी चांगली खेळ की त्यांची तोंडं बंद होतील." गेगुरी या कोरियन खेळाडूचं काय झालं ते बघा. २०१६ मध्ये ओव्हरवॉच या शूटिंग गेममध्ये तिचा नेम इतका अचूक होता की प्रतिस्पर्ध्यांनी थेट चीटिंगचा आरोप केला. शेवटी तिला स्टुडिओत बसून, हातांवर कॅमेरा लावून, लाइव्ह खेळून दाखवावं लागलं. आरोप खोटा ठरला. २०१८ मध्ये ती ओव्हरवॉच लीग या त्या गेमच्या व्यावसायिक स्पर्धेतली पहिली महिला खेळाडू झाली. वाईट खेळली तर मुलगी म्हणून, चांगली खेळली तर हॅक लावलाय म्हणून. यातून तिने एकटीने सुटायचं कसं?

म्हणून टीममधल्या दुसऱ्याने बोलायचं. आता कसं, ते सांगते. पहिली कमेंट आली की लगेच, शांत आवाजात, छोटं वाक्य: "हे बोलणं बंद कर. बी वर दोघं आहेत, तिकडे बघ." बस्स. लांबलचक भाषण दिलं की त्याला प्रेक्षक मिळतात आणि पुढचा राउंड त्याच विषयावर जातो. त्याने पुन्हा सुरू केलं तर "रिपोर्ट करतोय" एवढंच सांगा आणि तिचे कॉल, म्हणजे तिने दिलेली माहिती, उचलून धरा: "तिने मागून म्हटलंय, वळा." हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टीम तिचं ऐकते आहे हे कळलं की उरलेले दोघं सहसा तुमच्या बाजूला येतात.

"तुझ्या घरी आई-बहीण नाही का?" हे मात्र कृपा करून म्हणू नका. एक तर पुढचं मिनिटभर सगळ्यांच्या आई-बहिणींचा उद्धार होतो. आणि कुणाची तरी बहीण असल्याशिवाय एखादीला नीट वागवायचं नाही, असं त्यातून निघतं ते वेगळंच. "ती माझी मैत्रीण आहे" हेही नको, मग ती कोणाची यावरच चर्चा रंगते. तुम्हाला सिंप, म्हणजे मुलीला खूश करायला तिच्यामागे लागलेला, म्हणतील. म्हणू देत. तिला जे ऐकावं लागतं त्यापुढे हे काहीच नाही.

सामना संपला की फक्त तिनेच नाही, ओळखीच्या सगळ्यांनी रिपोर्ट करा. लिहिलेल्या चॅटचा लगेच स्क्रीनशॉट घ्या. एक्सबॉक्स या गेम कन्सोलवर २०२३ पासून शेवटच्या ६० सेकंदांचा आवाज जपून तक्रारीला जोडता येतो. बाकी ठिकाणी स्वतःचं रेकॉर्डिंग चालू ठेवलेलं बरं.

खरी परीक्षा अनोळखी माणसाची नसतेच. आपल्याच ग्रुपमधला, सगळ्यात वरच्या रँकचा मुलगा असं बोलतो आणि "अरे तो तसाच आहे, मनाने चांगला आहे" म्हणून सोडून दिला जातो, तिथे असते. मॉडरेटर म्हणून माझा अनुभव असा की त्याला एकदा काढलं की आठवडाभर कुरकुर होते, मग आजवर गप्प असलेल्या मुली हळूहळू माइक लावायला लागतात. तुमच्या ग्रुपमध्ये असा कोणी असेल तर त्याच्याशी खाजगीत, स्पष्ट बोला. सगळ्यांसमोर सुनावणी घेऊ नका, कारण तिथे उलटतपासणी तिचीच होते.

तिलाही एकदा विचारून ठेवा, सामना चालू नसताना: मी बोललेलं चालेल ना, की तू खूण केलीस तरच बोलू? काही जणींना स्वतःच उत्तर द्यायला आवडतं, तेव्हा तुम्ही फक्त पाठीशी राहायचं. आणि प्रकरण धमक्यांवर गेलं, कोणी तिचा फोटो, पत्ता किंवा नंबर पसरवला, तर त्याला उत्तर देऊ नका आणि काही डिलीटही करू नका. प्रोफाइल, लिंक, वेळ सगळं जपून ठेवा आणि ती पोलिसांत जाणार असेल तर सोबत जा. त्या सामन्यात तुम्ही होतात, म्हणजे तुम्ही साक्षीदार आहात.