ते दोन कोरे ठिपके

पोरी,

आत्याच्या चित्राचे दोन्ही फोटो पाहिले. गालावरचा हिरवा बघून सर म्हणाले, 'आजारी दिसतेय', आणि तू एका रात्रीत तो खरवडून गुलाबी भरलास. आता विचारतेस, चेहऱ्यात हिरवा चालतो का? हा काय प्रश्न झाला! त्या हिरव्याच्या शेजारी काय होतं, ते सांग.

1899 साली सेझान या फ्रेंच चित्रकारानं व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र केलं. आपण 115 वेळा बसलो, असं व्होलारनंच लिहून ठेवलंय. तो जरा हलला की साठीचा सेझान खवळायचा, सफरचंद हलतं का कधी? इतकं करूनही हातावर दोन ठिपके कोरेच राहिले. व्होलारनं विचारलं, तर म्हणाला, तिथं उगाच काहीतरी लावलं तर तिथपासून सगळं चित्र नव्यानं रंगवावं लागेल. शर्टाची छाती मात्र बरी जमलीय म्हणाला, आणि गेला एक्सला, आपल्या गावी निघून. पॅरिसच्या पती पाले या संग्रहालयात आहे ते चित्र.

दोन ठिपके, नखाएवढे! पण तिथला रंग कोटाला, कोट भिंतीला, भिंत कपाळाला बांधलेली. रंग एकटा नसतो गं. व्हॅन गॉगनं फ्रान्समधल्या आर्लमध्ये मित्राचे, बॉखचे केस नारिंगीपर्यंत नेले, आणि डोक्यामागची खोलीची भिंत सोडून तिथं गर्द निळा आणला. तू गाल बदललास आणि मागची निळी भिंत तशीच ठेवलीस. आता ती भिंत आत्याच्या अंगावर येतेय. शेजार बघ, शेजार!

मी कोण सांगणारा म्हणा. पस्तीस वर्षं चेअरमन आणि संस्थापक रंगवले, शेवटच्या दिवशी मागे बर्न्ट अंबर, तो गडद तपकिरी, फासला की झालं. घराचे हप्ते होते, दोन पोरं होती. लाज नाही वाटत. थोडी वाटते.

बाबांचं एकच चित्र मनापासून केलं. जबड्याखाली बोटभर जागा उरली होती, तिथला रंग सापडेना. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. पॅलेटवर यलो ऑकर, मातकट पिवळा, उरला होता, तो भरला. आई अजून विचारते, त्यांच्या गळ्याला काय लागलंय?

आत्याला पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच वेळी बसव. गुलाबी काढ. कळत नाही तिथं कोरं राहू दे. सरांनी विचारलं तर माझा नंबर दे त्यांना.