सोलापुरात सोसायटीसाठी जमीन घेण्याआधी माती परीक्षण खरंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की, विजापूर रोडच्या पुढे काही कुटुंबं मिळून चार एकर घेऊन रो-हाउस बांधायची आहेत. मालक सांगतो, "बोअर मारला तेव्हा दहा फुटांवरच दगड लागला." मग वेगळं माती परीक्षण हवंच का?

हवंच. आणि तेही इसार देण्याआधी. पाया-तपासणी हेच माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बोअरच्या गाडीवर विसंबू नका. ती दगडाचा भुगा करून वर फेकते. खाली सलग पाषाण आहे की सुटा गोळा, हे भुग्यावरून कळत नाही. आपल्याकडचा बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि मऊ मुरमात मधेच टणक गोळे शिल्लक राहतात. एक कॉलम गोळ्यावर आणि शेजारचा मऊ मुरमावर बसला, तर दोन्हीकडचं खचणं सारखं होत नाही. भिंतीला तिरकी चीर जाते ती इथून.

सोलापूरची काळी माती वाईट, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. संपूर्ण घराखाली सारखीच काळी माती असेल, तर तिच्यासाठी पायाचा उपाय ठरवता येतो. खरी अडचण एकाच घराखाली दोन प्रकारची जमीन असते तेव्हा. आपल्याकडचे उतार इतके सौम्य की डोळ्यांना शेत सपाट वाटतं, पण वरच्या बांधाला दोन फुटांवर मुरूम आणि ओढ्याकडच्या बांधाला दहा-बारा फूट माती, असं एकाच गटात सापडतं. त्यामुळे आधी अर्धा मीटर अंतराच्या समपातळी रेषांचा (म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) सर्व्हे करून घ्या. मग जेसीबीनं चारही कोपऱ्यांत, मध्यावर आणि सर्वांत खोलगट जागी खड्डे घ्या. दोन शेजारच्या खड्ड्यांत मुरमाची खोली फार वेगळी निघाली, तर त्यांच्या मधे आणखी एक. खोल खड्ड्यात कुणालाही उतरू देऊ नका. भेगाळलेली काळी माती काहीच चाहूल न देता ढासळते. बादलीतून वर आलेली माती बाहेरच तपासा.

तिथे काय बघायचं? मातीच्या ढेकळावर गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग दिसले तर ती माती वर्षानुवर्षं फुगून आकसून स्वतःवरच घासलेली असते. विटांचे तुकडे, प्लास्टिक, काच निघाली तर तिथे मुरमाची जुनी खाण बुजवलेली असू शकते. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं उघडून बघा, खाण असेल तर बहुधा दिसेल. भरावावर पाया नको, मग तो कितीही जुना असो.

प्रयोगशाळेत मुक्त फुगवण चाचणी नक्की सांगा. १० ग्रॅम कोरडी, बारीक चाळलेली माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचं घनफळ रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त भरलं, तर साधा उथळ पाया विसरा. मग मुरमापर्यंत खोदणं, अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुंधा असलेला काँक्रीटचा खोल खांब) किंवा माती काढून न फुगणाऱ्या मुरमाचा दाबलेला थर, यांतलं काय ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ठरवावं. दुमजली रो-हाउससाठी खड्डे बहुधा पुरतात. उंच इमारत असेल किंवा गोळ्यांचा संशय असेल, तर दगडाचा अखंड गाभा काढणारं ड्रिलिंग करा आणि दगड लागल्यावरही तीन मीटर आत जा.

पाण्याकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. मे महिन्यात जमिनीच्या भेगा बघा आणि हस्ताच्या पावसानंतर परत जाऊन पाणी कुठे साचतं ते बघा. शेजारच्या विहिरीची पातळी दोन्ही वेळा विचारा. गाव नकाशावर ओढा आहे आणि शेतात तो नांगरून सपाट केलाय, हे सर्रास दिसतं. पाणी आपली वाट सोडत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीचं पाणी कुठवर आलं होतं, हे गावकऱ्यांना विचारा. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची; जमीन नदीजवळ असेल तर दोन्ही तपासा. शोषखड्ड्याचाही विचार आत्ताच करा. काळ्या मातीत पाणी फार सावकाश मुरतं आणि घराजवळ जिरवलेलं सांडपाणी पायाखालची माती फुगवतं.

भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे झोन पाडलेत; २०१६ च्या भारतीय मानकात सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानं काय केलं ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. रो-हाउस म्हणून भूकंपरोधक तपशील गाळू देऊ नका.

अहवाल आला की मुरमाची खोली लेआउटच्या नकाशावर मांडा. एकही घर मातीच्या दोन थरांच्या सीमेवर येऊ नये, अशी घरं सरकवता येतात. लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ओढ्याच्या बाजूची, पण पाणी न साचणारी खोल मातीची पट्टी तिथे द्या आणि मोठी झाडं तिथेच लावा, घराच्या भिंतीपासून लांब.