ओव्हरफ्लोचा कॉल पाठवतोस, पण माहितीचं काय?

पुण्याच्या कॉल सेंटरची रांग भरली की जादा कॉल नागपूरच्या सेंटरला वळवायचा, त्यात अवघड काय, असं तू विचारलंस. वळवणं सोपंच आहे रे. खरी कसरत ग्राहकाची माहिती सोबत पोचवण्याची. आयव्हीआरवर (बटणं दाबायला सांगणाऱ्या यंत्रावर) माणसाने खाते क्रमांक दाबलेला असतो आणि पलीकडून पुन्हा विचारणा, "सर, आपला खाते क्रमांक?" तिथेच त्याचं डोकं फिरतं.

सिप (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) वापरत असशील तर यूझर-टू-यूझर हेडर बघ, म्हणजे कॉलच्या संदेशातच थोडी माहिती नेणारी ओळ. २०१५ च्या आरएफसी ७४३३ या इंटरनेट-मानकात तो दिलाय. पण त्यात ग्राहकाची सगळी कुंडली कोंबू नकोस. जुन्या आयएसडीएन या डिजिटल फोन जाळ्यात या माहितीला जेमतेम १२८ बाइट मिळायचे, आणि वाटेत पीआरआय गेटवे (त्या जुन्या जाळ्याशी जोडणारं यंत्र) असेल तर आजही ती मर्यादा आडवी येते. हेडरमध्ये फक्त एक छोटी किल्ली (नोंद शोधायची खूण) पाठव, बाकी तपशील दोन्ही सेंटरना दिसणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेव. आधी नोंद लिही, मगच कॉल सोड. नाहीतर फोन वाजतो आणि एजंटचा स्क्रीन कोरा.

आमच्याकडे टेस्टिंगला सगळं झकास चाललं, लाइव्ह गेल्यावर किल्ली गायब. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, एसबीसी (नेटवर्कच्या वेशीवर कॉल तपासणारं यंत्र) तो हेडर अनोळखी समजून काढून टाकत होता, आणि आमचे टेस्टचे कॉल एसबीसीतून जातच नव्हते! तेव्हा दोन्ही टोकांचा ट्रेस (संदेशांचा माग) काढून इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा सिप संदेश, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आणि हो, नागपूरची रांगही भरली तर? कॉल परत पुण्याला येता कामा नये. नोंदीत 'एकदा वळवला' अशी खूण ठेव.